बांधावर कोण होतं

१४ सप्टेंबर २०२४, श्रीरामपूर

अखेर सरांनी हो म्हटलं. ते निवृत्त झाल्यापासून मी मागे लागले होते की सर, तुमचा गौरवग्रंथ झालाच पाहिजे, आणि दर वेळी एकच उत्तर, "छे गं सिल्व्हिया, मी काय एवढा मोठा!" आज सकाळी घरी गेले तर काकूंनी चहा आणला आणि चहाच्या मागोमाग सरांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. कोणाकोणाकडून लेख मागवायचे त्यांची नावं, फोन नंबरांसकट. कोणता फोटो कुठल्या पानावर, तेसुद्धा. "सहज बसलो होतो, म्हटलं तुला त्रास नको," म्हणाले. किती विचार करतात माझा.

संपादक मी. विद्यापीठ दर वर्षी मराठी भाषा दिनाला आपल्या माजी विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची नवी पुस्तकं एकाच मांडवात प्रकाशित करतं. यंदा नगरला आहे (अहिल्यानगर लिहायचं, हात अजून वळत नाही). त्या टेबलावर आमचं पुस्तक असेल. चाळिशी उलटली, इतकी वर्षं कॉलेजात मराठी शिकवते आणि कव्हरवर सिल्व्हिया रणनवरे हे नाव एकदाही नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची दोन-दोन पुस्तकं आली. मी आपली दर फेब्रुवारीत मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते.

खरी गोष्ट मात्र इथेच लिहिते. मला गौरवग्रंथापेक्षा गाण्यांची ओढ आहे. सरांचं नाव झालं ते त्यांच्या आईच्या गाण्यांमुळे. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात भात लावताना बाया जी गाणी म्हणतात, ती सरांनी बनुबाईंकडून, म्हणजे त्यांच्या आईकडून, आणि इतर बायांकडून टेप करून घेतली. त्या कॅसेट कितीतरी वर्षं माझ्या कपाटात आहेत. ऐकून ऐकून कागदावर उतरवण्याचं काम मीच केलं. बनुबाईंनी कुठे श्वास घेतला हेही मला पाठ आहे. त्या गाण्यांचं पुस्तक कोण संपादित करणार हे सर समारंभातच जाहीर करणार आहेत. नाव सांगितलं नाही, नुसते हसले. मला काय ते कळलं.

मम्मीला सांगितलं. ती निवृत्त नर्स, तिला कशाचं म्हणून कौतुक नाही. म्हणाली, "म्हंजी त्यांचं कौतुक तू लिव्हायचं?" मी म्हटलं, "लिहायचं नाही मम्मी, संपादन करायचं." "बरं," म्हणाली आणि लसूण सोलत बसली.

३ ऑक्टोबर

मम्मीचं तोंड कडू आहे पण बोलते ते खरं होतं. मीच लिहिते आहे.

ज्याला फोन करावा तो म्हणतो, "वाकचौरे सर? अहो, देवमाणूस! मॅडम, तुम्हीच चार ओळी लिहा आणि खाली माझं नाव टाका." हे सगळेच करतात, जगात कुठलाही गौरवग्रंथ असाच होत असणार. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मग लिहून टाक ना गं. लोक कामात असतात. तुझी भाषा आहे चांगली."

आज आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झाले. म्हणजे त्यांचा लेख. त्यात 'वटवृक्ष' आणि 'ज्ञानगंगा' आल्याशिवाय तो त्यांचा वाटला नसता, म्हणून दोन्ही घातले. उद्या काकू. त्यांना विचारलं, सरांबद्दल काय लिहू? भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लिही, की कधी भाजी खारट झाली तरी बोलले न्हाईत." मी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "खोटं हाय, पर लिही."

मजा येते आहे, खोटं कशाला बोलू. एकेक माणूस अंगात आणायचा आणि त्याच्या तोंडून सरांचे गुण गायचे.

२१ ऑक्टोबर

गोरक्षचा लेख राहिलाय. गोरक्षनाथ दरंदले, आम्ही एम.ए.ला एका वर्गात होतो, आता एकाच विभागात आहोत. घोडेगावचा. वर्गात हा कमी आणि गावच्या बैलबाजारात जास्त. अभ्यासाचं नाव नाही, पण माणूस गोड; कोणाचं लग्न, कोणाचा दवाखाना, हा गाडी घेऊन हजर. पीएच.डी.सुद्धा अशीच गाडी चालवता चालवता झाली. दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांचा जावई झाला आणि तेव्हापासून शर्टाला इस्त्री असते.

त्याचा आवाजी मेसेज आला. "मॅडम, सरांनी मला घडवलं, येवढं टाका. बाकी तुमी बघून घ्या. तुमच्यासारखं आपल्याला थोडंच जमनार हाय?" मागून बैलांचा आवाज येत होता. म्हणजे अजून बाजारातच.

सरांचा फोन: "गोरक्षचा लेख मात्र जरा मनापासून उतरू दे. नुसता शब्दांचा फुलोरा नको. काहीतरी प्रसंग पाहिजे." आळशी विद्यार्थ्यावरही त्यांची किती माया.

१० नोव्हेंबर, रविवार

उपासनेहून आले आणि जेवणाआधीच गोरक्षचा लेख लिहून संपवला. एका बैठकीत. लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं, मम्मी म्हणाली, "कोन गेलं?"

कोणी गेलं नाही. मी भंडारदऱ्याची सहल लिहिली.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी सर आम्हाला घेऊन गेले होते. वाटेत, अकोल्याच्या पुढे, त्यांचं गाव. आवणी चालू होती, तिकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. बाकीची पोरं जीपने धरण बघायला पुढे गेली. मी खाचराच्या बांधावरून घसरले, पाय मुरगळला, म्हणून मागे राहिले. बनुबाईंनी चिखलाचे हात धुतले, शेजारच्या घरात जाऊन एरंडाचं पान तव्यावर गरम केलं आणि माझ्या घोट्याला बांधलं. मग परत खाचरात. सरही पँट दुमडून उतरले होते. लावता लावता त्यांनी लेकाला विचारलं, "तिकडं पोरान्ला काय शिकवीतो रं तू?"

सर म्हणाले, "गाणीच की, आई. कविता."

"कुनाच्या?"

"मोठ्या लोकांच्या."

बनुबाईंनी तेवढी ओळ लावून संपवली. मग मान वर न करता म्हणाल्या, "आन् आमची?"

सर हातात रोपांची मूठ धरून तसेच उभे राहिले. पुढच्या सुट्टीत टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेले. सगळं तिथून सुरू झालं, आणि सुरू होताना बांधावर फक्त मी होते.

हे मी गोरक्षला देऊन टाकलं. त्याला बांधावर बसवला. खरं तर त्या दिवशी हा सहलीला आलाच नव्हता, घोडेगावच्या बाजारात वडिलांबरोबर बैलजोडी विकत होता. पण लेख हवा मनापासूनचा, आणि मनापासूनचं माझ्याकडे हेच होतं. फक्त पाय दिला नाही. पाय आणि पान माझं. लेखात तो आपला 'दमून मागे राहतो'.

कोणी म्हणेल, मग स्वतःच्या लेखात का नाही घातलं? माझा लेख सरांच्या संशोधनपद्धतीवर आहे. आठवणी कोणीही सांगतं. पट्टशिष्येने गुरूच्या कामाचा हिशेब मांडायचा असतो, तळटिपांसकट. माझ्या लेखाला चाळीसच्या वर तळटिपा झाल्यात. सर वाचतील तेव्हा त्यांना कळेल की त्यांचं काम खरं कोणाला समजलं.

२५ डिसेंबर

नाताळ. घरी पाहुणे, करंज्या, गायनमंडळाची पोरं. सर आणि काकू दर वर्षीप्रमाणे येऊन गेले. सरांनी मम्मीच्या करंज्यांची तारीफ केली. मम्मी म्हणाली, "आमच्या सिलूचं नाव मोठ्या अक्षरात टाका हां सर पुस्तकावर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मोठ्यांदा हसले.

प्रुफं सगळी सरांकडे आहेत. एकदा नजरेखालून घालतो म्हणाले.

८ जानेवारी २०२५

आज मी अगदी हवेत आहे. सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मध्येच म्हणाले, "सिल्व्हिया, थंडीत तुझा तो पाय दुखतो का गं अजून?"

वीस वर्षांनी! मी तर विसरूनच गेले होते की सरांना ते माहीत आहे. म्हटलं, "नाही सर, त्याच आठवड्यात बरा झाला होता."

"आईनं पान बांधलं होतं ना? रुईचं होतं की एरंडाचं?"

"एरंडाचं, सर. तव्यावर गरम केलेलं. आणि वरून त्यांच्या जुन्या लुगड्याची चिंधी."

"हिरव्या का?"

"हिरव्याच."

"हां. हिरवंच होतं ते." मग म्हणाले, "असू दे. सहज आठवलं."

मम्मीला सांगितलं. म्हणाली, "वीस वर्सांनी पायाची चवकशी? काय काम हाय का त्यांचं?" काही माणसांना चांगलं बघवतच नाही.

३० जानेवारी

छापखान्यात फायनल गेलं. सर म्हणाले पानं फार वाढली, म्हणून माझा लेख परिशिष्टात घेतलाय. आणि तळटिपा जागेअभावी गाळल्या आहेत.

"सामान्य वाचकाला तळटिपा बोचतात गं," म्हणाले. "तू संपादक आहेस. कव्हरवर आहेसच की."

बरोबर आहे. संपादकाने स्वतःचा लेख पुढे पुढे करू नये. तळटिपा नसलेला तो लेख मी एकदा वाचून पाहिला. कोणाचं म्हणणं कोणाचं हेच कळत नाही. पण असो. गाण्यांचं पुस्तक यायचंच आहे, त्यात हव्या तितक्या देईन.

२७ फेब्रुवारी

नगरहून आले. आज लिहिता येत नाही.

२८ फेब्रुवारी

लिहायला तर हवं.

सभागृह भरलेलं होतं. टेबलावर यंदाची सगळी नवी पुस्तकं मांडली होती, कवितासंग्रह, शेतीवरची, दोन कादंबऱ्या, एक मधमाश्यांवर. आमचं सगळ्यांत जाड. मी मम्मीची जांभळी पैठणी नेसले होते. स्टेजवर खुर्ची होती, टोकाची का होईना.

सर बोलायला उठले. विद्यापीठाचे, संस्थेचे, अध्यक्षांचे आभार मानले. मग चष्मा काढला. म्हणाले, "या ग्रंथात पुष्कळांनी माझं कौतुक केलंय. पण एका लेखानं मला माझी आई परत दिली." आणि त्यांनी भंडारदऱ्याची सहल सांगायला सुरुवात केली. माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने. 'आन् आमची?' ला त्यांचा आवाज फुटला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला. मूर्ख कुठली.

मग म्हणाले, "त्या दिवशी बांधावर कोण होतं, हे मी इतकी वर्षं आठवत होतो. आज कळलं. गोरक्ष, ऊठ बाबा."

गोरक्ष उठला. हात जोडले. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

"ज्याला माझी आई दिसली," सर म्हणाले, "त्याच्याच हाती मी आईची गाणी सोपवतो. 'बनुबाईंची गाणी', संपादक डॉ. गोरक्षनाथ दरंदले. आपली संस्थाच ते काढणार आहे." सगळ्यांत आधी अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

मी पण वाजवल्या. सवयीचे हात, वाजले. शेवटी फोटोसाठी सरांनी मला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. "संपादन उत्तम झालंय," म्हणाले.

२ मार्च

मम्मी: "तू तितं मुकी हुतीस का?"

मी तिला समजावलं. उठून बोलले असते की तो लेख माझा, तर मग अध्यक्षांचा कोणाचा? काकूंचा कोणाचा? सगळा ग्रंथच उघडा पडला असता, सरांचा गौरव मातीत गेला असता. आणि सरांची काय चूक? लेखावर गोरक्षचं नाव मीच टाकलं. सरांना वाटलं खरंच तो होता. वय झालंय, जुन्या गोष्टींची सरमिसळ होते. जानेवारीत फोनवर आठवलं ते स्टेजवर गर्दीत विसरले असतील. माणूस गर्दीत विसरतो.

"व्हय," मम्मी म्हणाली. "आन् इसरताना बरोब्बर अध्यक्षाचा जावई आठवतो."

मी ताट तसंच ठेवून उठले. तिला सर कधी आवडलेच नाहीत. मी ठरवलंय, सरांना एकटं गाठून शांतपणे सांगायचं, त्या दिवशी बांधावर मी होते. ऐकून त्यांना वाईट वाटेल, तेवढंच मला वाईट वाटतंय. सांगितलं की ते सगळं सरळ करतील.

१६ मार्च

ग्रंथाच्या माझ्या प्रती कोपऱ्यात तशाच बांधून पडल्या होत्या. हात लावावासा वाटत नव्हता. आज दोरी सोडली, उद्या सरांकडे जायचं तर त्या लेखाचं पान दाखवता यावं म्हणून.

छान छापलाय. 'तो दिवस, ते खाचर', डॉ. गोरक्षनाथ दरंदले. मी लिहिलं होतं, 'दमून मागे राहिलो होतो.' तिथे आता असं आहे:

'माझा पाय मुरगळला होता. बनुबाईंनी एरंडाचं पान तव्यावर गरम करून घोट्याला बांधलं आणि वर आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी.'

हे मी लिहिलेलं नाही.

मम्मी सोडून मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्गात नाही, गोरक्षला तर नाहीच. या वहीत आहे, आणि जानेवारीत एकदा फोनवर सांगितलं.

सरांना सगळं आठवत होतं. विसरले असते तर मी माफ केलं असतं. नाही, माफ करायचा प्रश्नच आला नसता, मी त्यांच्या वतीने शंभर कारणं शोधली असती, शोधतच होते. पण ते बसले, प्रूफ पुढ्यात ओढलं, फोन लावला, पान एरंडाचं की रुईचं ते माझ्याकडूनच विचारून घेतलं आणि माझा पाय उचलून गोरक्षला लावला. आणि मी त्या दिवशी हवेत होते.

मम्मीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं म्हणेल, मी सांगत हुते. तिने उठून माझा घोटा हातात धरून बघितला, नर्स बघते तसा, इकडून तिकडून. मग म्हणाली, "च्या टाकते."

२३ मार्च

आठवडा गेला धीर गोळा करायला. आज गेले.

सर झोपाळ्यावर बसले होते. "ये ये! तुलाच फोन करणार होतो. कॅसेट आणि तू उतरवलेलं सगळं गोरक्षकडे द्यायचं आहे. अर्थात काम तुलाच करावं लागणार, त्याला काय कळतंय? ऋणनिर्देशात तुझं नाव पहिलं घेऊ."

मी ग्रंथ उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्या ओळीवर बोट. "सर, हे कोणी घातलं?"

त्यांनी वाचलं. मला वाटलं, चपापतील. नाही म्हणतील, छापखान्यावर ढकलतील. मी त्यासाठीही तयारी करून गेले होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात म्हणायचे त्या आवाजात म्हणाले, "लेख अपुरा वाटत होता गं. आईचं बोलणं आलं होतं, आईचे हात आले नव्हते."

आणि ते खरं आहे. त्या ओळीने लेख उभा राहतो. मी माझं म्हणून राखून ठेवलं तेच नेमकं लेखात कमी पडत होतं, आणि हे ओळखणारा माणूस जगात एकच आहे. त्यांनीच मला वाचायला शिकवलं.

"हात माझ्या पायाला होते, सर," मी म्हटलं.

"माहीत आहे."

झोपाळा थांबवून ते हळू आवाजात म्हणाले, "गाणी छापून येणं महत्त्वाचं, सिल्व्हिया. नाव कोणाचं याला काय अर्थ? गोरक्षचं नाव असलं तर संस्था उद्या छापेल. तुझ्या नावावर कोण छापणार होतं? आणि दुसरं असं, ही गाणी कळसूबाईची, खंडोबाची. आमच्या गावात उद्या कोणी उठून म्हणायला नको, की आपल्या देवांच्या गाण्यांवर रणनवरे कसे? मला तसं काही नाही, तुला ठाऊक आहे. लोकांचं सांगतो. तू समजून घेशील असं वाटलं. तू घरची."

मी त्या घरात वीस वर्षं जाते आहे. नाताळच्या करंज्या त्यांनी आमच्या घरी बसून खाल्ल्या. हे असलं त्यांच्या मनात कुठल्या खणात ठेवलेलं होतं, मला कधी दिसलंच नाही. बनुबाईंनी पान बांधताना मला नाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यांना उच्चारता येईना, हसल्या आणि म्हणाल्या, "तुला शिलीच म्हनते." बस, एवढंच. पुढे काही विचारलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, नको. त्यांनी मला पायरीपर्यंत सोडलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "मी बोल्ले हुते त्यान्ला, असं करू नगा." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. जानेवारीपासून सगळ्यांनाच माहीत होतं, संपादक सोडून.

४ एप्रिल

गोरक्ष कॅसेट न्यायला घरी आला. मम्मीने पाणीसुद्धा विचारलं नाही, मीच दिलं.

ग्लास हातात धरून बसला. "मॅडम, आईशप्पत सांगतो, मला काहीच माहीत नव्हतं. सरांचा आदल्या दिवशी फोन आला, कुनी पायाचं इचारलं तर व्हय म्हन. मी म्हनलं, कसला पाय? तर म्हनले, तू वाच. तवा वाचलं." मग म्हणाला, "लई भारी लिव्हलंय तुमी. माझी म्हातारी रडली वाचून. तिला वाटतं मी खरंच चांगला झालो."

मी रिकामा ग्लास त्याच्या हातातून घेतला.

"आमी घोडेगावचे, आमाला कांदा आन् ऊस म्हाईत. भाताचं रोप कसं असतं ते बी मोबाईलवर बघितलं. तुमीच करा ना मॅडम काम. नाव दोघांचं टाकू. सासऱ्यांना मी बघतो."

बिचारा मनापासून म्हणत होता. त्यात वाईट असं काही नव्हतंच, हे जास्त लागलं. मी कॅसेटचा खोका त्याच्या हातात दिला. कॅसेट सरांच्या आईच्या, त्यांच्या घरी जाऊ देत. उतरवलेले कागद दिले नाहीत. "ते माझे आहेत," म्हटलं. "तुम्ही ऐका आणि लिहा."

"आपल्याला ते बोलनं कळनार न्हाई मॅडम," तो म्हणाला.

"बनुबाई सावकाश गातात," मी म्हटलं. "कळेल."

तो गेल्यावर मी कपाटातली मोकळी जागा पुसून घेतली. सरांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

११ मे

कॉलेजला सुट्टी. पुन्हा लिहायला बसले. तोच प्रसंग. या वेळी अंगात कोणाला आणायचं नव्हतं, म्हणून फार जड गेलं. अध्यक्ष, काकू, गोरक्ष, सगळ्यांच्या तोंडून मी भराभरा लिहिलं होतं. स्वतःच्या नावाने लिहायला बसले तर मला सुरुवातच सापडेना. चार दिवस नुसते कागद फाडले. शेवटी पान बांधण्यापासून सुरू केलं. बनुबाईंचे हात, नखांत चिखल, 'तुला शिलीच म्हनते', मग 'आन् आमची?'. सरांना गप्प उभं राहिलेलं पाहून मला तेव्हा ते किती मोठे वाटले होते, तेही लिहिलं. ते गाळलं असतं तर खोटं झालं असतं.

खाली नाव: सिल्व्हिया रणनवरे. पुण्याच्या एका मासिकाला पाठवून दिलं.

१९ जून

मासिकाचं उत्तर आलं. लेख आवडला, दिवाळी अंकात घेतो म्हणतात. मात्र एक अडचण आहे. 'आपण वर्णिलेला प्रसंग, एरंडाचे पान व हिरव्या लुगड्याच्या चिंधीच्या तपशिलासह, डॉ. गोरक्षनाथ दरंदले यांच्या लेखात यापूर्वी आलेला आहे. तरी तळटिपेत त्यांचा संदर्भ द्यावा, म्हणजे उचलेगिरीचा आरोप येणार नाही.'

मी हसत सुटले. मम्मी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं रडते आहे. मग खरंच रडले.

म्हणाली, "नको देऊस. दुसरीकडं पाठव."

पण कुठेही पाठवला तरी छापून आधी त्याचा आलाय. ग्रंथ विद्यापीठाच्या प्रत्येक ग्रंथालयात गेलाय, संपादक सिल्व्हिया रणनवरे. मीच माझ्या विरुद्धचा पुरावा बांधून, शिवून, सगळीकडे पोचवला आहे.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाच्या तळटिपा दिल्या, ही एक लिहायला दुपार गेली. एकदा लांबलचक लिहिली, सर, फोन, प्रूफ, सगळं घालून. खोडली. मग दुसरी लिहिली आणि मम्मीला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "पाठव." पाठवली.

'१. हा प्रसंग यापूर्वी डॉ. गोरक्षनाथ दरंदले यांच्या नावाने प्रसिद्ध झाला आहे. पाय माझा होता.'